खिडकीमावशींचा नावडता उमेदवार

बसडेपोच्या तिकीटखिडकीत त्यांनी एकतीस वर्षं काढली, म्हणून आमच्या गल्लीत त्यांना सगळे खिडकीमावशी म्हणतात. निवृत्त झाल्या तरी सवय सुटलेली नाही. कुणी काही विचारलं की काचेतल्या भोकातून ऐकल्यासारखी मान वाकवतात आणि नेमकं विचारलं तेवढंच उत्तर देतात. पक्षाचं काम मात्र त्याहून जुनं, एकोणिसाव्या वर्षापासूनचं. दर निवडणुकीत आमच्या गल्लीची मतदारयादी त्यांच्याकडे असते. यादीत नसलेलंही त्यांना बरंच ठाऊक असतं: कोण आजारी आहे, कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुणाची बेल दुपारी वाजवायची नाही.

यंदा पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी कुणाला उभं केलं ते जाहीर झालं, तेव्हा मी त्यांच्याकडेच बसलो होतो. काकांनी, म्हणजे मावशींच्या यजमानांनी, टीव्ही बंद केला आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले. पाणी सकाळीच घालून झालं होतं.

हा उमेदवार चार वर्षांपूर्वी वाहतूकमंत्री होता आणि त्याच्याच सहीने आमचा डेपो बंद झाला. मावशींना शेवटची दोन वर्षं दुसऱ्या डेपोत घेतलं. काकांना कुणी घेतलं नाही. सव्वीस वर्षं बसचे ब्रेक दुरुस्त करणारा माणूस एका शुक्रवारी हत्यारांची पेटी उचलून घरी आला. त्यानंतर त्या मंत्र्याचं नाव त्या घरात कुणी काढत नसे.

दोन दिवसांनी पक्षाच्या शाखेत बैठक झाली. कोपऱ्यावरचे औषधवाले आमचे शाखाप्रमुख. त्यांनी पत्रकांचा गठ्ठा मावशींच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "मावशी, तुमच्या गल्लीची मला काळजी नाही."

मावशींना नाही म्हणायचं होतं. पण वरच्याच पत्रकावर विरोधी उमेदवाराचं भाषण छापलेलं होतं. निवडून आलो तर वस्त्यांमधले सरकारी दवाखाने बंद करीन, असं त्याने उघड सांगितलं होतं. मावशींच्या डोळ्यांसमोर यादीतली निदान तीस नावं आली. त्यांनी गठ्ठा उचलला.

घरी मात्र त्यांनी सांगितलं, बहिणीकडे जातेय. तिची कंबर धरलीय.

पहिले तीन दिवस त्यांचे फार वाईट गेले. पत्रक हातात द्यायचं, "मत नक्की द्या" म्हणायचं आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत पुढचं दार गाठायचं. जेवण जाईना. आपण चोरी करतोय असं वाटायचं, एवढंच त्या मला नंतर म्हणाल्या.

चौथ्या दिवशी गाण्याच्या बाईंचं दार आलं. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, पण कान तिखट. पत्रक त्यांनी घेतलंच नाही.

"मला वाचता येत नाही, तूच सांग. तुला आवडतो का गं हा माणूस?"

मावशींनी मान वाकवली. "नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही. आमच्या घरातली नोकरी त्याने घालवली. समोर आला तर मी त्याला पाणी विचारेन, बस म्हणणार नाही."

"मग कशाला उन्हातान्हात फिरतेस त्याच्यासाठी?"

"दवाखाना चालू राहायला हवा म्हणून. मला त्याच्याशी सोयरीक नाही जुळवायची, बाई. काम करून घ्यायचंय."

गाण्याच्या बाई हसल्या. म्हणाल्या, "ये, बस. सकाळपासून तुमच्या मुख्य कचेरीचे तीन जण येऊन गेले. तिघांनाही तो फार थोर वाटतो. मी तिघांनाही वाटेला लावलं."

मावशी तिथे अर्धा तास बसल्या. बाहेर पडल्या तेव्हा चक्क भूक लागली होती. त्या दिवसापासून जो कुणी विचारेल त्याला त्या हेच सांगू लागल्या. त्याने कुणी दार लावून घेतलं नाही; उलट काही जण तासभर डेपोबद्दल भडाभडा बोलायचे आणि शेवटी विचारायचे, मतदान किती वाजेपर्यंत आहे?

आठवड्याने शाखेतून बोलावणं आलं. कुणीतरी चुगली केली होती. मावशींनी पक्षाचा बिल्ला पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि शाखेत जाऊन टेबलावर ठेवलं.

औषधवाल्यांनी पाकिटाला हात लावला नाही. "उमेदवार आवडत नाही असं दारोदार सांगताय म्हणे?"

"विचारलं तर सांगते."

"बाकीच्या गल्ल्यांत आमच्या लोकांना उंबऱ्यावरूनच परत पाठवतायत. तुम्हाला खुर्ची मिळते." त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "मावशी, मलाही हा माणूस पटत नाही. पक्षात निवड झाली तेव्हा मी दुसऱ्याला मत दिलं होतं. शाखेत आठ जण आहोत, त्यातल्या सहा जणांचं हेच, एकेकाने गुपचूप येऊन मला सांगितलंय. प्रत्येकाला वाटतंय आपण एकटेच."

"मग सांगा ना एकमेकांना."

"उद्या बैठक घेतो. तुम्ही सुरुवात करा." आणि पाकीट त्यांनी मावशींकडे सरकवलं.

राहिले होते काका. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मावशी एका दमात बोलून गेल्या, "अहो, मी बहिणीकडे जात नव्हते. त्या माणसाच्या प्रचाराला जात होते."

काकांनी कप खाली ठेवला. "ठाऊक आहे. मंगळवारी तुझी बहीण तुला शोधत इथे आली होती. कंबर ठणठणीत होती तिची."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." कप पुन्हा उचलत ते म्हणाले, "माझ्याकडून त्याला मत दिलं जाणार नाही. ते तू मला सांगू नकोस. पण तू फिरतेस त्याचा मला राग नाही. दवाखान्यात मीही जातोच की."

मावशी रडल्या नाहीत. त्यांनी आणखी अर्धा कप चहा ओतला, स्वतःला. छातीवरचा दगड उतरला म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, असं त्या मला म्हणाल्या.

मतदानाच्या दिवशी दोघं बरोबरच केंद्रावर आली. काका आधी बाहेर पडले आणि कट्ट्यावर बसून राहिले. मावशी आल्यावर म्हणाले, "खालच्या बाकीच्या जागांचे सगळे शिक्के पक्षाला मारले. राष्ट्राध्यक्षाची वरची ओळ कोरी सोडली."

"बरं केलंत," मावशी म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

तो माणूस निवडून आला, थोडक्यात आला, पण आला. शाखेबाहेर वाद्यं वाजली तेव्हा मावशी तिकडे फिरकल्या नाहीत. मी पेढे घेऊन गेलो तर दार काकांनी उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मावशी आतल्या खोलीत गाढ झोपल्या होत्या.