न बोलण्याची अट

उमरखेडच्या आमच्या कार क्लबमध्ये दिवाळीच्या सुट्टीत दरवर्षी लपवलेल्या वस्तू शोधण्याचा खेळ होतो. वस्तू लपवतात ते टायरच्या दुकानाचे मालक. त्यांना कुणी चुकलेलं पाहवत नाही. साधा पत्ता विचारला, तरी ते गाडीत बसून त्या घरापर्यंत सोडायला येतात. खेळातही दरवेळी जागा सांगून टाकतात.

गेल्या दिवाळीत अध्यक्षांनी बजावलं, "भाऊ, यंदा बोललात, तं हे काम तुमच्याकडून गेलं समजा."

भाऊंनी फुलसावंगीच्या एका शेतात बैलाच्या गळ्यात पितळी घंटा बांधली आणि तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा भरून ते शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसले. चिठ्ठीतल्या खुणेवरून घंटा शोधत गाड्या आल्या. सगळ्यांनी कापसाचा ढीग, गोठा, बैलबंडी उलथीपालथी केली. भाऊंच्या बायकोनंही विनवलं, "अहो, नुसता डोळा तरी मारा!"

भाऊ कासावीस झाले. शेवटी त्यांनी बैल सोडला आणि घंटा वाजवत सगळ्या गाड्यांच्या मधून फिरवला.

अध्यक्षांनी हॉर्न दाबला. "भाऊ, बैल बाजूला घ्या ना! आम्ही घंटा शोधून राह्यलो इथं."

भाऊ बोलले नाहीत. यंदाही वस्तू तेच लपवणार आहेत.