वन्सं मेल पुसत नसत

माझी थोरली नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, आयुष्यभर बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या. केसपेपर फाडायचा नाही, ही तिथली पहिली शिकवण त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. निवृत्तीनंतरही खाक्या तोच. वॉर्डातल्या तरुण नर्सेस त्यांना मेल करायच्या. कुणाचं सासूशी पटत नाही, कुणाला रात्रपाळीत रडू येतं. वन्सं प्रत्येकीला उत्तर द्यायच्या आणि एकही मेल पुसायच्या नाहीत.

"आत्या, तुझ्या मेलबॉक्समध्ये आता मुंगीलासुद्धा जागा नाही," माझी लेक चिडवायची.

"लाडाने जीभ सैल झालीये तुझी. बाईने विश्वासाने लिहिलेलं असतं, फेकवत नाही."

गेल्या वर्षी एका धाकट्या नर्सने लिहिलं, की इंजेक्शनची एक खेप खराब आहे, बाळं दगावताहेत आणि वरचे ऐकत नाहीत. वन्संनी तिला एका पत्रकाराचा पत्ता दिला. "तुझं नाव माझ्या तोंडून जाणार नाही," असा शब्दही दिला. बातमी छापून आली, खेप बंद झाली आणि आरोग्य खातं महिनोन्महिने बातमी फोडणाऱ्याला शोधत राहिलं.

वन्संच्या तोंडून नाव गेलंच नाही. पण आमच्याकडचा सरकारी नियम असा, की सहा महिन्यांहून जुना मेल तो पोचवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर पडून असेल तर तो टाकून दिलेला माल. त्याला कोर्टाची परवानगी लागत नाही, खात्याची चिठ्ठी पुरते. वॉर्डातल्या मुली वन्संना लिहितात हे खात्याला कळलं, आणि कंपनीने वन्संचे सगळे जुने मेल काढून दिले. त्यांना पत्ताही नव्हता. चौकशीत त्या मुलीपुढे तिचाच मेल छापून ठेवला, खाली वन्संचं उत्तर. तिची नोकरी गेली.

आमचे हे समजूत घालायला गेले. "अगं ताई, कायद्यानेच घेतलं ना त्यांनी?"

"घराची झडती घ्यायची तर कोर्टाचा कागद लागतो ना रे? मग याला का नाही? न्यायाधीशाने हो म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि टाकून दिलेलं म्हणे! मी जपून ठेवलं होतं रे."

मी त्यांच्याबरोबर त्या मुलीच्या घरी गेले. तिच्या आईने दार अर्धंच उघडलं. "ती घरी नाही."

आतून आवाज आला, "आई, दार लाव."

वन्सं कठड्याला धरून जिना उतरल्या. नियम बदला, असा अर्ज त्यांनी लोकप्रतिनिधीच्या कचेरीत दिला आहे. "बघू," तिथले म्हणाले.

माझी लेक आता दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून नर्सिंग शिकते. फोनवर ती पहिल्यापासून अबोल. मनातलं सगळं आत्याला लिहायची, आणि मला न सांगितलेलं निदान वन्संना ठाऊक आहे, या भरवशावर मी झोपत होते. त्या मुलीच्या घरून परतल्यावर वन्संनी तिला फोन केला. "बाळा, मला मनातलं काही लिहू नकोस आता."

तिने ऐकलं. आज संध्याकाळी वन्संनी तिचा मेल दाखवला. 'मी ठीक आहे. जेवले. काळजी नको.'

"काय गं," त्यांनी मला विचारलं, "खरंच ठीक असेल का ही?"

आजवर हे मीच त्यांना विचारत आले होते.