सकिनाने रंधलेल्या फळ्या

सकिना मूळची दाभोळची. बाप होडीवरचा तांडेल, भाऊ मच्छीमार, घरात चोवीस तास जाळ्यांचा वास. लग्न होऊन ती रत्नागिरीत राजिवड्याला आली तेव्हा तिला सुतारकामातलं एवढंच ठाऊक होतं, की होडी गळायला लागली की मेस्त्री बोलवायचा. आणि नशिबाने तिला नवराच मेस्त्री मिळाला.

अस्लम होडेकरचा कारखाना खाडीच्या पुलापलीकडे, भाट्याच्या रस्त्याला. कारखाना म्हणजे चिऱ्याच्या तीन भिंती, वर पत्रे, आणि मध्यभागी बिडाचं रंधा मशीन. दोन लांब लोखंडी पाट, त्यांच्यामध्ये गरगर फिरणारा पात्यांचा रोळ. अलीकडच्या पाटावरून फळी ढकलायची, पाती तिची कड तासतात, आणि पलीकडच्या पाटावर ती सरळ होऊन निघते. पलीकडे फळी धरायला कोणीतरी लागतं. गडी टिकेनात, म्हणून एकदा अस्लमने बायकोला हाक मारली, आणि मग पलीकडची जागा सकिनाचीच झाली. डोक्यावरची ओढणी मानेशी घट्ट गुंडाळून ती उभी राहायची आणि आलेली फळी अलगद ओढून घ्यायची.

मशीनच्या स्क्रूंना मात्र अस्लम तिला हात लावू द्यायचा नाही. पाट वरखाली करायचे असले की आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा, मग पाना घेऊन वाकायचा.

"मला दाखवा तरी," ती म्हणायची.

"तुझी बोटं मला जेवण करायला हवीत," तो हसायचा.

राजिवड्याच्या जमातीला, म्हणजे मशिदीच्या मंडळींना, कबरीच्या फळ्या अस्लमच द्यायचा. मय्यत कबरीत उतरवली की तिच्यावर आडव्या फळ्या बसवतात आणि मग माती लोटतात. बहुतेक ठिकाणी त्यासाठी कसलंही लाकूड चालतं. अस्लम रायवळ आंब्याच्या फळ्या घ्यायचा आणि प्रत्येकीच्या दोन्ही कडा मशीनवर सरळ करायचा. फळीला फळी अशी चिकटायची की मध्ये फट राहायची नाही. चुलतभाऊ झुबेर जमातीचं दफनाचं काम बघायचा. तो एकदा म्हणाला होता, "अस्लम, जमिनीत कुजायच्या फळीला एवढा रंधा कशाला?"

अस्लम म्हणाला, "माणूस झोपलेला असताना त्याच्या तोंडावर तू माती टाकशील का?"

दर वर्षी पाऊसकाळाच्या आधी मशिदीमागच्या शेडमध्ये फळ्यांची थप्पी लागायची आणि जमातीला तो विषय काढावाच लागायचा नाही.

मग अस्लम पडला. एका दुपारी एका दाराची चौकट जोडता जोडता हातातली हातोडी गळाली, आणि तो तिथेच भुशात बसला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. इस्पितळातून घरी आला तो उजवा हात-पाय निकामी होऊन. बोलणंही गेलं. एक शब्द तेवढा राहिला. "बस."

भूक लागली तरी बस, पाणी हवं तरी बस, लेक अलफियाने मुंब्र्याहून फोन केला की तिलाही बस. अलफिया फोनवर रडायची. सकिना मात्र हळूहळू त्या एका शब्दाचे चढउतार ओळखायला शिकली. लांबवलेला बस म्हणजे नको. तुटका बस म्हणजे हवं. आणि ज्या बसला आवाजच नसायचा, नुसते ओठ हलायचे, तेव्हा ती उठून त्याच्या पाठीवर हात फिरवायची.

कारखाना बंद पडला. तसंही काम ओसरलंच होतं. शेजारीच गुरुप्रसादचं अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान झालं होतं आणि लोकांना सरकत्या खिडक्या हव्या होत्या. पण गुरुप्रसाद माणूस चांगला. अस्लमला इस्पितळात त्यानेच आपल्या टेम्पोतून नेलं होतं.

त्या वर्षी शेडमधल्या फळ्या संपत आल्या. झुबेर काही बोलला नाही, पण सकिनाला ते ठाऊक होतं. आंब्याच्या फळ्या कारखान्यात पडूनच होत्या. ती एकटीच गेली, मशीन सुरू केलं, आणि जन्मात पहिल्यांदा अलीकडच्या बाजूला उभी राहिली. फळ्या काढल्या. प्रत्येक फळी शेवटाला गचका खात होती, कडेला थोडा खड्डा पडत होता. तिला वाटलं, आपला हात नवा आहे, चालायचंच. गुरुप्रसादच्या टेम्पोतून तिने त्या शेडमध्ये पाठवून दिल्या.

थोड्याच दिवसांत महरीन वारली. गल्लीच्या टोकाला राहायची. कोवळी पोर, पहिलं बाळंतपण, आणि बाळ हाती आलं तरी आई गेली. सकिनाने तिला लहानपणी न्हाऊमाखू घातलेलं, आता शेवटचं न्हाणंही तिनेच घातलं. तोंडावरचं कफन सारखं करताना तिला त्या पोरीच्या पापण्या दिसल्या, आणि तिने हात पटकन मागे घेतला.

पुरुष कबरस्तानातून परत आले. झुबेर हातपाय धुऊन अस्लमला बघायला म्हणून आला आणि ओसरीवर बसून राहिला. चहा घेईना.

"काय झालं?" सकिनाने विचारलं.

"काय नाय, भाबी."

"झुबेर, बोल."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "फळ्यांना फटी होत्या. एका बाजूने. माती लोटली ती आत जायला लागली. पोरीचा नवरा बघत होता. शेवटी सुरूचा पाला कोंबला आम्ही."

आत खाटेवर अस्लमने ते ऐकलं. त्याच्या घशातून आवाज आला. शब्द तोच, पण असा बस सकिनाने आधी ऐकला नव्हता. ती आत गेली तेव्हा तो डाव्या मुठीने खाटेच्या कडेवर मारत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने गुरुप्रसादला टेम्पो आणायला सांगितलं. दोघांनी मिळून अस्लमला कारखान्यात नेलं आणि मशीनसमोर खुर्चीवर बसवलं. सकिनाने फ्यूज काढला आणि त्याच्या खिशात घातला. मग पाना घेऊन वाकली.

"भाभी, मेकॅनिक बोलावूया का?" गुरुप्रसाद म्हणाला.

"हे समोर बसलेत ते कोण आहेत?" ती म्हणाली. "तुमच्याकडे सरळ काही आहे? अगदी सरळ?"

त्याने दुकानातून अ‍ॅल्युमिनियमची नवी कोरी लांब पट्टी आणली. सकिनाने अलीकडचा पाट चाक फिरवून पलीकडच्याच्या पातळीला आणला आणि पट्टी दोन्ही पाटांवर आडवी ठेवली. मग गुडघ्यावर बसून बघू लागली. पट्टी अलीकडच्या पाटाला घट्ट बसली होती. पलीकडे मात्र पट्टीखालून उजेड येत होता, टोकाला जास्त. ज्या पाटाजवळ ती इतकी वर्षं उभी राहिली होती, तोच खाली बसला होता. मशीन थरथरून थरथरून त्याच्या बाजूचे स्क्रू ढिले झाले होते. फळी त्या खाली गेलेल्या पाटावर घसरत होती आणि शेवटी गचकन पडून पात्यांखाली जास्त कापली जात होती.

"हा?" तिने पहिल्या स्क्रूला पाना लावला.

"बस." लांबवलेला. नको.

"हा?"

"बस." तुटका.

तिने पिळला. थोडा, मग आणखी थोडा. गुरुप्रसाद पट्टीखाली बघून सांगत होता, उजेड कमी झाला, अजून आहे, आता पुष्कळ कमी. एकदा तिने जास्त पिळला आणि पाटाचं टोक वर चढलं. पट्टी मधोमध अधांतरी राहिली. अस्लमने डोळे मिटून घेतले. ती म्हणाली, "तुमची बायको आहे मी, मशीन नाही. चुकणार." त्याच्या तोंडाची चांगली बाजू किंचित हसली. तिने स्क्रू परत ढिला केला आणि पहिल्यापासून लागली.

पट्टीखालचा उजेड पुरता गेल्यावर तिने लाकडाचा एक ठोकळा, अस्लम धरायचा तसा, पलीकडच्या पाटावर असा धरला, की त्याचं टोक पात्यांवर येईल. रोळ हाताने फिरवला. पातं ठोकळ्याला घेऊन पुढे सरकलं. पाट अजून खाली होता. तिने तो केसभर उचलला, पुन्हा रोळ फिरवला. आता पातं ठोकळ्याला नुसतं घासून गेलं, ओढलं नाही. तिने ठोकळा काढून अस्लमच्या डाव्या हातात दिला आणि तो हात धरून पाटावर नेला. तिने रोळ फिरवला, त्याने ठोकळा धरला. पात्यांचं ते हलकं घासणं दोघांच्याही बोटांना कळलं. शेवटी गुण्या लावून, फळी जिला टेकवून ढकलायची ती उभी पट्टी पाटाशी काटकोनात आणली, अलीकडचा पाट तासण्यापुरता पुन्हा खाली घेतला आणि सगळे स्क्रू आवळले.

फ्यूज घातला. गुरुप्रसाद पलीकडे उभा राहिला. फळी सरसर पुढे गेली, गचका आला नाही. दोन फळ्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून तिने त्या अस्लमसमोर दाराच्या उजेडाकडे धरल्या. त्याने मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं. त्यांच्यामधून काहीच दिसत नव्हतं. त्याने डाव्या हाताचा अंगठा त्या सांध्यावरून एकदा फिरवला आणि मग तिच्या मनगटावर हात ठेवला.

शेडमधल्या फटीच्या फळ्या तिने परत आणवल्या, आणि त्या व उरलेल्या सगळ्या पुढच्या काही दिवसांत सरळ काढून शेडमध्ये पाठवल्या. अस्लम रोज खुर्चीवर येऊन बसायचा. परत जाताना दोघांच्याही अंगावर भुसा असायचा. ती घरी त्याचे केस झटकायची आणि तो लहान मुलासारखा मान खाली घालून बसायचा. लग्नानंतर इतका निवांत सहवास आपल्याला कधी मिळाला होता का, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीच तिला धास्ती वाटली.

थंडी पडू लागली तेव्हा एका सकाळी चहा पिताना अस्लमच्या तोंडातून चहा बाहेर आला आणि मान छातीवर पडली. दुसरा झटका. डॉक्टर येईपर्यंतही तो थांबला नाही.

घर बायकांनी भरलं. अलफिया दुपारी पोचायची होती. झुबेर दाराशी येऊन उभा राहिला. त्याला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं.

"भाबी, फळ्या... शेडमधल्याच काढाव्या लागतील."

सकिनाने त्याच्याकडे पाहिलं. त्या फळ्या तिने गल्लीसाठी केल्या होत्या. महरीनचं ऋण फेडायला केल्या होत्या. एकेक फळी पलीकडे निघताना तिने कितीतरी माणसं मनात आणली होती, म्हातारी, आजारी, खलाशी. समोर खुर्चीवर बसलेला माणूस तिने त्यांत एकदाही धरला नव्हता. आणि तो मात्र प्रत्येक फळीवरून अंगठा फिरवत होता. त्याला ठाऊक होतं का? हे आता तिला कधीच कळणार नव्हतं.

"काढ," ती म्हणाली.

जनाजा उठला. बायका घरी थांबल्या. अलफिया तिच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत होती, पण सकिनाच्या डोळ्यांना पाणी येईना. ती कान देऊन बसली होती, जणू कबरस्तानातला आवाज राजिवड्यापर्यंत येणार होता.

तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज होऊन गेल्यावर झुबेर आला. पडद्याआडूनच बोलला.

"भाबी."

"माती?"

"नाय गेली. एक दाणासुद्धा नाय. मी खाली वाकून बघितलं."

तेव्हा सकिनाला रडू फुटलं. शेजारणी तिला धरून बसल्या आणि ती रडत राहिली.

इद्दत, नवऱ्यामागे घरात राहायची मुदत, सरली. अलफियाने मुंब्र्याला चल म्हणून हट्ट धरला. सकिना आधी नको म्हणाली. एकदा ती कारखान्यात गेली, गुरुप्रसादला पलीकडे उभं करून फळी ढकलली, आणि अर्ध्यावर मशीन बंद केलं. मशीन ठीक होतं. रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून उभं राहणं तिला जमेना आणि तोंड करूनही जमेना. जमातीनेही पुढल्या वर्षापासून सिमेंटच्या लाद्या घ्यायचं ठरवलं होतं. झुबेरने ते सांगताना चारदा माफी मागितली. मग तिने अलफियाला हो म्हटलं आणि मशीन विकलं.

मशीन मंडणगडचे एक वयस्क सुतार, गंगाराम पांचाळ, घेऊन जायला आले. त्यांनी आधी पाटांवरून हात फिरवला, मग कमरेला खोवलेली लोखंडी पट्टी काढून पाटावर ठेवली, डोळा बारीक करून पाहिलं आणि पट्टी उलटी करून पुन्हा पाहिलं.

"कोणी लावलंय हे?"

"आम्ही," सकिना म्हणाली.

गंगारामनी मान हलवली. मग अवघडून म्हणाले, "ताई, वाईट वाटतं सांगायला. घाटातला रस्ता आहे, गाडीत हादरे बसतील. पाट सुटे केल्याशिवाय नेता यायचं नाही. तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल."

"नको. पाना द्या इकडे."

ती वाकली. कुठला स्क्रू किती पिळला होता, ते तिच्या हाताला आठवत होतं. तिने एकेक ढिला केला. पलीकडचा पाट हलकेच खाली बसला. गंगारामनी बरोबरच्या गड्याच्या मदतीने तो उचलून गाडीत नेला, खाली गोणपाट अंथरून त्यावर निजवला आणि वरून आणखी एक गोणपाट पांघरलं.