पहिल्या रांगेतली खुर्ची

हसणार नसाल तरच सांगतो. छे, तुम्ही हसणारच! निदान हातातला चहा खाली ठेवून हसा. कारण हा गाढवपणा मी चोवीस वर्षं पत्रकारिता केल्यानंतर, पूर्ण शुद्धीत केलेला आहे.

दोन हजार एक-दोनची गोष्ट. कुवेत सिटीतल्या एका इंग्रजी दैनिकात संस्कृतीचं पान माझ्याकडे होतं. तेव्हाच आमच्या जोगळेकरला बँड काढायची हुक्की आली. जोगळेकर नाशिकचा, तेल कंपनीत इंजिनिअर. तरुणपणी ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा. त्याच्या जोडीला कंपनीतले दोन आयरिश, एक स्कॉटिश आणि गोव्याचा एक ड्रमर. सगळे पन्नाशीच्या पुढचे, सगळे आपापल्या गावच्या जुन्या बँडमधून मुरून आलेले. संगीताचा प्रकार म्हणे केल्टिक पंक.

"म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"अरे, आपल्या भारुडात कुणी विजेची तार सोडली तर कसं होईल? तसं. पण आयर्लंडचं."

झालं! न ऐकताच मी पानावर लिहून टाकलं : 'चार बँडमधून निवृत्त झालेले म्हातारे एकत्र आले, की नवा बँड होत नाही, पेन्शनर्स क्लब होतो.'

संपादक कुरियनसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही गाण्याला जाता आणि भांडण घेऊन येता. ह्या वेळी तर न जाताच आणलंत! शुक्रवारी त्यांचा कार्यक्रम आहे. जा, ऐका, चांगलं लिहा. एक जरी भानगड झाली, तर पान दुसऱ्याला देणार."

मी? भांडखोर? बरं!

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या फोटोग्राफरला घेऊन रुमैथिया भागातल्या एका व्हिलाच्या तळघरात पोचलो. दारातच बँडचा गायक शॉन उभा. साडेसहा फूट. "वेलकम टू पेन्शनर्स क्लब!" म्हणून त्याने माझा हात असा दाबला, की बोटं मोजून घेतली मी.

आत बघतो तर शे-दीडशे माणसं आणि खुर्ची एकही नाही!

"जोगळेकर, पत्रकारांची खुर्ची कुठाय?"

"अरे, हे उभं राहून ऐकतात."

"उभं राहायला मी काय इकाम्याच्या परवान्यासाठी रांगेत आलोय?"

"बरं बाबा, मागे भिंतीपाशी टाकतो एक."

"मागे? मराठी मंडळाच्या गणपतीत मी कधी दुसऱ्या रांगेत बसलो नाही, आणि इथे मागे?"

स्वयंपाकघरातली खुर्ची मी स्वतः उचलून आणली, स्टेजसमोर बरोब्बर मध्यभागी ठेवली, पायावर पाय टाकून बसलो आणि वही उघडली. स्टेजवरून जोगळेकर हातवारे करत होता : ऊठ, ऊठ! मी मान डोलावली : चालू दे.

वन, टू, थ्री!

पहिल्या सेकंदाला बॅगपाइप किंचाळला. दुसऱ्या सेकंदाला माझ्या पाठीत खांदा बसला. तिसऱ्याला, ज्या बाईंनी मघाशी मला अदबीने समोसा दिला होता, त्यांनीच कोपर दिलं! सगळी माणसं एकमेकांवर आदळतायत, आणि वर हसतायत.

प्यायलेत म्हणावं, तर दारूबंदीच्या कुवेतमध्ये पिणार काय? टेबलावर लबान, म्हणजे आपलं ताकच, आणि संत्र्याचा रस. म्हणजे शुद्धीतला हल्ला. म्हणजेच ठरवून केलेला. पेन्शनर्स क्लबचा सूड!

"प्रेसवर हल्ला!" मी ओरडलो.

"प्रेस! प्रेस!" सगळे ठेक्यात ओरडले.

मी वहीची गुंडाळी करून एका टकलावर हाणली. तो 'थँक यू' म्हणाला. दुसऱ्याला बुक्का मारला, तर त्याने मला मिठीच मारली. सांगा, अशा शत्रूशी माणसाने लढायचं तरी कसं? तेवढ्यात आठ हातांनी मला खुर्चीसकट वर उचललं. डोक्यांवरून मी मागच्या भिंतीपर्यंत गेलो, तिथून परत पुढे आलो. मी बुक्के मारतोय, आणि तो फितूर जोगळेकर दुप्पट वेगाने अ‍ॅकॉर्डियन वाजवतोय! तिसऱ्या फेरीत माझी लाथ माइकला लागली, माइक शॉनच्या तोंडावर आपटला आणि त्याची कवळी उडून ड्रमपलीकडे पडली. पुढची दोन गाणी तो बोळक्या तोंडाने गायला. लोकांना तीच जास्त आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीन कॉलमांची बातमी दिली : 'पत्रकारावर जमावाचा हल्ला.' कुरियनसाहेबांनी ती शांतपणे वाचली आणि आमच्या फोटोग्राफरने काढलेले बारा फोटो टेबलावर मांडले.

"ही मूठ कुणाची?"

"माझी."

"ह्याच्या नाकावरचं कोपर?"

"माझंच दिसतंय."

"पंकवर लोक असेच एकमेकांवर आदळत नाचतात. आता त्यांच्यातला कुणी तुम्हाला मारतोय, असा एक फोटो दाखवा."

मी बाराही फोटो दोनदा पाहिले. सगळे दात दाखवून हसत होते. शॉनही हसत होता. दाखवायला दात नव्हते, एवढंच.

"पान गेलं," कुरियनसाहेब म्हणाले. "उद्यापासून स्पोर्ट्स बघा."

"पण साहेब, मला खेळातलं ओ की ठो कळत नाही!"

त्यांनी फोटो गोळा करत चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आणि संगीतातलं कळत होतं?"