डिकीतला दिवा

चाचांच्या दुकानावर पाटी होती : 'घाई असल्यास रिक्षाने जावे.' स्वारगेटजवळ, जिथे प्रत्येकालाच घाई, तिथे ही पाटी लावून चाचा वर्षानुवर्षं गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करत होते. लोक पाटी वाचायचे, चिडायचे आणि थांबायचे. उभ्या गाडीची बॅटरी कोण खातंय, हे पुण्यात दुसऱ्या कोणालाही सापडत नाही, असं निदान चाचांचं तरी मत होतं.

मी गेलो तेव्हा रडकुंडीला आलो होतो. आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, सकाळी सातला, आणि आमची जुनी गाडी एक-दोन रात्री उभी राहिली की ढिम्म. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. त्या आठवड्यात आई पिशवी मांडीवर घेऊन पार्किंगमध्ये तासभर बसली आणि तिचं डायलिसिस हुकलं. दुसऱ्या दिवशी तिला अशी धाप लागली की आडवंही होता येईना.

"बॅटरी बदलायला कोणी सांगितलं?" चाचांनी विचारलं.

"मीच बदलली."

"घरात चोर, आणि आपण तिजोरी बदलताय. काय करता आपण?"

"शिक्षक आहे."

"मग बरोबर आहे."

मीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. "आकड्याशी वाद घालता येतो, दिव्याशी नाही," म्हणायचे. बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये त्यांनी छोटा दिवा जोडला. गाडीत सगळं बंद, तरी तो पेटला. म्हणजे कोणीतरी वीज खात होतं. मग एकेक फ्यूज काढायचा, पुसायचा, परत लावायचा. सातवा फ्यूज काढल्यावर दिवा विझला.

"डिकीतला दिवा," चाचा म्हणाले.

"छे हो. डिकी लावली की तो विझतो."

"आपण आत बसून पाहिलंय?"

नव्हतं पाहिलं. साठीतल्या चाचांनी बॅटरी जोडली, चपला काढल्या आणि डिकीत, आईच्या चाकाच्या खुर्चीशेजारी, अंग मुडपून आडवे झाले. मी डिकी लावली. रस्त्यावरची चार माणसं थबकली. आतून आवाज आला, "लख्ख आहे. पेपर असेल तर द्या."

खुर्ची इस्पितळापुरती लागायची, म्हणून कायम डिकीत. तिच्या दांड्यामुळे झाकण बोटभर वर राहायचं आणि दिव्याचं बटण दाबलंच जायचं नाही. चाचांनी दिवा काढून कागदात बांधून दिला. "आई चालायला लागल्या की आणा. परत लावू."

त्यानंतर आईचं एकही डायलिसिस हुकलं नाही. मी स्वारगेटवरून जाताना चाचा दुकानातूनच विचारायचे, "गाडी सुरू होते ना?" मी हो म्हणायचो. ते आईबद्दल विचारतायत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तीन वर्षांनी आई गेली. खुर्ची इस्पितळालाच दिली आणि महिन्याभराने कागदाची पुडी घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी रिकामी डिकी पाहिली. दिवा बसवला.

"आता माझे गुडघे वाकत नाहीत," ते म्हणाले. "आत आपण जा."

मी चपला काढून खुर्चीच्या जागी आडवा झालो. डेटॉलचा वास अजून होता. चाचांनी झाकण लावलं आणि दिवा विझला. त्या अंधारात मला जे रडू फुटलं, ते महिनाभर कोणासमोर फुटलं नव्हतं.

"विझला का?" बाहेरून आवाज आला.

मी बाहीत तोंड खुपसलं.

चाचांनी डिकी उघडली नाही. "नीट बघा," ते म्हणाले. "घाई नाही."