झाकण उघडू नका, व्हर्जिनिया मुरतोय!

कामात बुडालेल्या माणसांचे किस्से होत नाहीत हो. वाट बघत बसलेल्यांचे होतात. आणि आम्ही चौघं गेली कित्येक वर्षं रविवारी सकाळी एकत्र बसून फक्त वाट बघतो. कशाची? तंबाखू मुरायची! मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार?

आधी मंडळींची ओळख करून देतो. रोह्याचे प्रधान सर, कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले. आमचा अड्डा त्यांच्याच परसात भरतो. कासूचा हिराजी पाटील. घरची भातशेती, खाडीकडे मिठागर, आणि मधली सगळी वर्षं एका केमिकल कंपनीत शिफ्ट करण्यात गेलेली. जोह्याचा मनोहर, त्याचा गणपतीचा कारखाना आहे. आणि मी, पेणला रामवाडीत दवाखाना असलेला दातांचा डॉक्टर. हसा, हसा! दातांचा डॉक्टर पाईप ओढतो यावर आता माझी बायकोसुद्धा हसत नाही, तेव्हा तुम्ही तरी हसून घ्या.

पाईपचं खूळ मूळचं सरांचं. त्यांचा भाचा बोटीवर आहे. तो येताना व्हर्जिनिया तंबाखूचे डबे आणतो. सर सांगतात, की हे पिवळं पान, साखर भरपूर. ताजं असताना वास सुक्या पेंढ्याचा, आणि धूर जिभेला चटका देणारा. पण हाच तंबाखू हवाबंद बरणीत, अंधारात, काही वर्षं ठेवला की तपकिरी होतो, मग काळपट. चटका जातो आणि मनुकांचा, खजुराचा वास येतो. "पण अट एकच!" सर बोट वर करून म्हणतात, "झाकण उघडायचं नाही!"

"म्हंजे लोनचंच की वो सर!" हिराजी पहिल्याच दिवशी म्हणाला.

"लोणचं नाही हिराजी. ही रासायनिक प्रक्रिया आहे."

"मग लोनच्यात काय भजन चालतं?"



*

हिराजीने मात्र लोणच्याचा मुद्दा सोडला नाही. घरी जाऊन त्याने तंबाखू चिनी मातीच्या बरणीत भरला आणि तोंडाला फडकं बांधलं. एवढ्यावर थांबला असता तरी देवाने माफ केलं असतं. पण लोणचं अधूनमधून तळापासून ढवळायचं असतं ना! हा पठ्ठ्या दर रविवारी फडकं सोडायचा, लाकडी डावाने तंबाखू खालीवर करायचा, पुन्हा बांधायचा.

पुढच्या वर्षी मोठ्या ऐटीत बरणी घेऊन आला. सरांनी आत हात घातला. चुरचुर आवाज झाला आणि चिमटीत भुसा आला. म्हशीनेही तोंड लावलं नसतं.

सर डोक्याला हात लावून बसले. हिराजी बराच वेळ बरणीत बघत राहिला. मग त्याला एकदम चूक सापडली.

"आयला!" तो म्हणाला. "वरून तेल घालायचं राह्यलं!"

*

मनोहरची तऱ्हा उलटी. त्याला वाट बघणं जमतच नाही. गणपतीच्या धंद्यात तारीख ठरलेली, बाप्पा काही पुढच्या आठवड्यात या म्हटलं तर यायचे नाहीत! पावसाळ्यात रंग वाळत नाही म्हणून तो कारखान्यात हॅलोजनचे मोठे दिवे लावतो. त्याच दिव्यांखाली त्याने तंबाखूची बरणी ठेवली. मूर्ती वाळतात तर तंबाखू का नाही मुरणार?

आठवड्यात तंबाखू काळा कुळकुळीत! मनोहर खूश. "सर, तुमचं दहा वर्षांचं काम आपण सात दिवसांत उरकलं!"

सरांनी पाईप भरला, एक झुरका घेतला, आणि उठून अळूच्या वाफ्यात थुंकून आले. चव म्हणाल तर करपलेल्या काढ्याची. सर मास्तरच, त्यांनी तिथंच तास घ्यायला सुरुवात केली.

"मनोहर, मूर्ती घाईघाईत वाळवली तर काय होतं?"

"चिरते."

"मग? यातून काय शिकलास?"

"चिरली तर पुट्टी भरतो, सर. तंबाखूची पुट्टी मिळते काय कुठं?"

*

आता माझं ऐका. एकदा खाडीकडच्या गावातल्या एक मावशी दवाखान्यात आल्या. सगळे दात मशेरीने काळे पडलेले. मी खुर्ची मागे केली आणि तंबाखूवर माझं नेहमीचं व्याख्यान दिलं. हिरड्या, घसा, कॅन्सर, काही म्हणून सोडलं नाही. मावशी तोंड उघडून निमूट ऐकत होत्या. उठल्यावर त्यांनी नाक वर करून हुंगलं.

"डाक्टर, तुमच्या टेबलाच्या खणातनं खजुराचा वास कसा येतंय?"

खोटं बोलायचा धीर झाला नाही. खण उघडून पाईपचा डबा दाखवला. "तंबाखूच आहे मावशी. पण हा आठ वर्षं मुरवलेला आहे."

मावशींनी डबा नाकाशी नेला, मान डोलावली आणि पदर खोचत म्हणाल्या, "मंग माजी मशेरी बी मुरवून लावू काय?"

फी घ्यायची मला लाज वाटली.

*

माझ्या घरचा प्रसंग याहून भारी आहे. मुरलेल्या व्हर्जिनियावर कधीकधी पांढरे बारीक कण चमकतात. तो चांगला मुरल्याचा पुरावा, असं सर म्हणतात. माझ्या बरणीत ते दिसले तेव्हा मी आनंदाने सगळ्यांना फोन केले. बायकोला सांगायचं तेवढं विसरलो.

पेणची बाई ती! मे महिन्यात पांढरं काही दिसलं की तिला दोनच गोष्टी कळतात. एक बुरशी, दुसरं ऊन. संध्याकाळी गच्चीवर गेलो तर एका चादरीवर पोह्यांचे पापड आणि शेजारच्या चादरीवर माझा सहा वर्षं मुरलेला व्हर्जिनिया, छान पसरून! वर कावळ्यांसाठी आरसाही टांगलेला.

मी ओरडलो. फोनवर सर माझ्याहून मोठ्याने ओरडले. बायको शांतपणे पापड उलटत होती.

"माझ्या घरात जुनं झालेलं आणि वर पांढरं आलेलं उन्हातच जातं," ती म्हणाली. "तुम्ही टोपी घालून उभे राहा."

*

या सगळ्यात खरी मानाची बरणी सरांची. आम्ही तिला थोरली म्हणतो. रिटायर झाले त्या संध्याकाळी सरांनी भाच्याने आणलेला सगळ्यात उत्तम व्हर्जिनिया काचेच्या बरणीत भरला, रबराचं घट्ट झाकण लावलं आणि फडताळात आत, अंधारात ठेवली. उघडायची ती सरांच्या पंच्याहत्तरीला, चौघांनी मिळून. सर दर दिवाळीला फडताळ उघडायचे, बरणी नुसती बघायचे आणि म्हणायचे, "काय रंग धरतोय! वास कसा असेल रे?" बास. पुन्हा दार बंद.

मग कोविड आला. सर आणि सुमनवहिनी दोघंही आडवे झाले, पण बरे होऊन उठले. कितीतरी महिन्यांनी आमचा अड्डा पुन्हा भरला. सगळ्यांना इतका आनंद झाला होता की मनोहरने येताना पेढे आणले. हिराजीने दोन डबे आणले होते. एकात सरांना दाखवायला नवा तंबाखू, दुसऱ्यात वहिनींसाठी सुकट. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, जिचा वास तीन घरं पलीकडे जातो! आणि हिराजीच्या घरी तंबाखूचे रिकामे डबे सुकट भरायलाच वापरतात.

सरांनी हात पुढे केला. हिराजीने डबा दिला. सरांनी नेहमीसारखे डोळे मिटले, झाकण काढलं आणि छाती भरून हुंगलं.

"वा! मनुका! आणि मागून थोडा खजूर! हिराजी, जमलं रे तुला!"

डबा सुकटीचा होता.

आम्ही हसून हसून लोळलो. मनोहर तर खुर्चीसकट मागे गेला. सर आपली फिरकी घेतायत असंच वाटलं आम्हाला. पण सरांनी डोळे उघडले, डब्यात बघितलं, हळूच झाकण लावलं आणि चष्मा पुसायला लागले. तेव्हा वहिनी दारातून म्हणाल्या, "त्यांना वास येत नाही हो. आजारपणापासून. कुणाला सांगू नको म्हणाले होते."

हिराजी खाली मान घालून बसला. चौघांच्याही डोक्यात एकच गोष्ट होती. थोरलीचं आता काय?

*

मुंबईच्या नाकाच्या डॉक्टरने उपाय सांगितला, की रोज तीव्र वासाच्या वस्तू हुंगायच्या, नाकाला पुन्हा शिकवायचं. येईल, नाही येईल, सांगता येत नाही. झालं! आमच्या अड्ड्याची शाळा झाली आणि सर विद्यार्थी. मी लवंगेचं तेल न्यायचो, आमच्या दवाखान्यात त्याला तोटा नाही. मनोहर टर्पेंटाइन आणायचा. हिराजी दर रविवारी सुकट, न चुकता, त्याच डब्यात. "ज्या वासानं चोरी पकडली, त्योच वास चोरीचा माल परत आणील," हे त्याचं शास्त्र.

वहिनी वैतागल्या. "घरात शिरलं की कळत नाही, दवाखान्यात आले, कारखान्यात आले की बाजारात!"

सर मन लावून हुंगायचे आणि मान हलवायचे. काही नाही.

एकदा हिराजीने त्यांना ओहोटीला कासूच्या खाडीवर नेलं. चिखलात पाय रोवून उभे केले आणि म्हणाला, "सर, आता घ्या श्वास. हितं ज्याला वास येत नाय त्याला कुठंच येनार नाय."

सरांनी भला मोठा श्वास घेतला. पुन्हा घेतला. मी आणि मनोहर बांधावर नाकाला रुमाल लावून उभे होतो.

"काही नाही रे," सर म्हणाले.

हिराजी म्हणाला, "नशीबवान हाव, सर! आमी जन्मभर घेतोय."

सर चिखलात उभे राहून इतके हसले की त्यांना बाहेर काढायला दोघं लागलो.

*

आणि मग पंच्याहत्तरी आली.

रविवारच होता. पेणहून मनोहर आणि मी गाडीत बसलो, कासूला हिराजी चढला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. वहिनींनी घरी सत्यनारायण ठेवला होता आणि हिराजीला फोन करून बजावलं होतं, की आज मासळीचं काहीही घरात आणायचं नाही. "आज फकस्त हार आन् नारळ!" हिराजीने पिशवी उघडून आम्हाला वरचा नारळ दाखवला.

पूजा झाली, औक्षण झालं. सर आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेले, हिराजीला तर हार-नारळाच्या पिशवीसकट, आणि फडताळातून थोरली काढली.

"सर, राहू द्या," मी म्हणालो. "तुम्हाला वास यायला लागला की उघडू."

"आणि नाही आला तर? तुम्ही तरी घ्या रे. मला सांगा कसा आहे. मी ऐकेन." एवढं बोलून त्यांनी झाकण उचकटलं. फस्स आवाज झाला.

काय सांगू तुम्हाला! मनुका, खजूर, आणि खाली कुठेतरी नुकत्याच उतरवलेल्या काकवीचा वास. खोली भरून गेली. मनोहरच्या डोळ्यांत पाणी आलं. सर आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. नाक बरणीवरच होतं, पण बघत होते आमच्याकडे.

"कसा आहे?"

आम्ही काही ठरवलं नव्हतं, आईशप्पथ! पहिला हिराजीच बोलला. "कच्चा हाय, सर."

"हो," मनोहर म्हणाला. "अजून पेंढाच मारतोय."

मी डॉक्टर, माझ्यावर सर विश्वास ठेवतात. मी म्हणालो, "अजून काही वर्षं लागतील. झाकण लावा."

तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, खजूर कुणी आणलाय? काय घमघमाट सुटलाय घरभर! द्या इकडे, प्रसादात घालते!"

मेलो! मनोहर भिंतीकडे बघायला लागला. हिराजी घाईघाईने म्हणाला, "वैनींचं बी नाक बिघडलं वाटतं, डॉक्टर!"

सरांनी थोरलीचं झाकण दाबून पक्कं बसवलं. चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा लावला. मग नाक पुसून पिशवीच्या दिशेने हुंगत म्हणाले, "हिराजी, त्या पिशवीतले बोंबील आधी परसात नेऊन ठेव. ते घरात असताना मी ही बरणी परत उघडायचो नाही."

आम्ही हिराजीकडे बघितलं. हिराजीने पिशवीतून नारळ काढला. हार काढला. मग अगदी तळाशी हात घालून पेपरात आणि वर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला ओळखीचा डबा बाहेर काढला. तो त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि गालांवरून पाणी वाहत असताना म्हणाला,

"बोंबील नाय वो सर! सुकट हाय!"