ओढ्यावरची बोराटी

माझं लग्न ठरलं तेव्हा गावातल्या बायकांनी मला चिडवून चिडवून नको केलं होतं. "हिची पाठवणी कशाला करता, ओढ्यात उभी करा अन् पलीकडं ढकला," असं म्हणायच्या. त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या माहेर-सासरच्या मधे एक ओढा होता आणि त्या ओढ्याच्या मधोमध दोन्ही गावांची शीव. माहेरच्या गाई हंबरल्या तर सासरी ऐकू यायच्या. सासूबाईंना ते मुळीच आवडत नसे. सून रुसली की एका हाकेत भाऊ दारात, मग सासुरवास करायचा तरी कसा? मला मात्र वाटायचं, आपण नशीब काढलं. वडील लवकर गेले होते, घरात आई आणि मोठा भाऊ. भावानंच मला वाढवलं, लग्न करून दिलं आणि नंतरही चार दिवस गेले की काहीतरी निमित्त काढून तो ओढा ओलांडून यायचा. कधी हुरडा घेऊन, कधी नुसताच.

तेव्हा निजामाचा अंमल होता आणि बाहेर कुठंतरी मोठी लढाई चालली होती. आमच्यापर्यंत ती पोचली होती ती सरकारला सक्तीनं लेव्हीत द्यायच्या ज्वारीपुरती. त्याच दिवसांत एका वैशाखात आमच्या गावात पटकी आली. पहिला माणूस गेला तो जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून परतलेला होता, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की रोग बाजाराकडून आला. ओकारी, जुलाब, मग डोळे खोल जायचे, हातपाय गार पडायचे, आणि सकाळी शेतात गेलेला माणूस दिवस मावळायच्या आत तिरडीवर. रडायलाही माणसं पुरेनात.

मग माझ्या सासऱ्यांना लागण झाली. आमच्याकडे तेव्हा पटकीच्या माणसाला पाणी देत नसत. पाणी दिलं की ओकारी वाढते, असा पक्का समज. सासरे कधी कुणापुढे हात न पसरणारे, पण त्या दिवशी ते माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवत होते. मी तांब्या उचलला तर सासूबाईंनी तो हातातून हिसकावून घेतला. त्यांचाही जीव तुटत होता, ते मला दिसत होतं. नवऱ्याला वाचवायचं म्हणूनच त्या त्याला तहानेनं मारत होत्या.

माझा मुलगा तेव्हा नुकता धावायला लागला होता. सासरे आजारी पडल्याचं कळताच भाऊ आला. दारातूनच म्हणाला, "लेकरू दे माझ्याजवळ. हितं कशाला ठेवतीस मरीआईच्या तोंडात?" मी विचारही केला नाही. पोराला त्याच्या खांद्यावर बसवलं. मामाच्या मुंडाशाला घट्ट धरून, टाचा मारत पोरगं निघालं. ओढा ओलांडला तसा माझा जीव भांड्यात पडला. त्याच दिवशी सासरे गेले.

इकडे गावानं गाडा ओढायचं ठरवलं. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पटकी आली की सुताराकडून लहानसा लाकडी गाडा करून घ्यायचा. त्यात मरीआईला बसवायची, तिला हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, दहीभात. घराघरातला जुना झाडू आणि फुटकं सूपही त्यावर टाकायचं. मग हलगी वाजवत सगळ्या गावानं तो गाडा ओढत पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचा आणि मागं न बघता परतायचं. पुढच्या गावानं तिची पूजा करून तिला त्याच्या पुढच्या गावाला पोचवायची. आलेली देवी माघारी धाडता येत नाही. आणि रोग ज्या दिशेनं आला त्याच्या उलट दिशेला गाडा न्यायचा असतो. रोग बाजाराकडून आला होता. उलट दिशेला होतं माझं माहेर.

हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी भाकरी थापत होते. भाकरी तव्यावर टाकायची राहिली. मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, माजं लेकरू तिकडं हाय."

त्या कपाळ पुसलेल्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मंग काय झालं? ती बी आईच हाय. आई कुटं लेकराला खाती व्हय?"

"मामंजींना खाल्लं की."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलटून बोलले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गावाच्या म्होरं माजं काय चालंल? मी न्हाई धरला दोर तर धा जण धरतील." आणि त्यानं दोर धरला. मला त्याचा संताप आला होता, आजही येतो. पण एवढंही सांगते, ओढ्यापर्यंत जाताना तो रडत होता. गाडा सोडून झाल्यावर सगळी माणसं ओढ्यात हातपाय धुऊन, चुळा भरून घरी आली. बायकांनी मेलेल्यांची वाकळा-पांघरुणंही तिथंच धुतली. आम्हाला वाटलं, पीडा गेली.

माहेरच्या लोकांनी रीतीप्रमाणं गाड्याची पूजा केली आणि तो पुढं पोचवला. पण नंतर त्यांनी ओढ्याच्या आपल्या काठावर, वाट होती तिथं, बोराटीच्या काट्यांचे ढीगच्या ढीग रचले आणि राखणीला माणसं बसवली. गाडा आला त्या गावचं माणूस, जनावर, भांडं, काही म्हणून आत घ्यायचं नाही. गावाचं एकमत झालं होतं. राखणीवर माझा भाऊ होता.

आणि मग, सगळं होऊन गेल्यावर, हिंगोलीहून सरकारी डॉक्टर आला. तरुण मुसलमान माणूस, उन्हानं तोंड काळवंडलेलं, छकड्यात सुयांची पेटी आणि बाटल्या. आल्या आल्या त्यानं विहिरीत लाल औषध टाकलं. पाणी जांभळट झालेलं बघून अर्ध्या गावानं विहीर सोडली आणि लोक ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यांचं पाणी आणायला लागले. सुईचं नाव काढलं की घरं रिकामी. कुणी म्हणे सुईनं पोरं होत नाहीत, कुणी म्हणे लढाईवर न्यायच्या माणसांना खूण करून राहिले. शेवटी पोलीस पाटलानं चावडीवर सगळ्यांदेखत दंड पुढं केला, दोन दिवस तापानं फणफणला आणि तिसऱ्या दिवशी उठून हिंडायला लागला. मग मात्र रांग लागली. आधी कुणी येईना, आता कुणी मागं हटेना. आमच्या लोकांचं हे असंच.

मी टोचून घेतलं. सासूबाईंनीही घेतलं. दंड चोळत म्हणाल्या, "आधी आला असता मेला." तो 'मेला' डॉक्टरला उद्देशून होता, पण त्याला कळलं नसावं.

तो बाटल्या उन्हाला धरून बघत होता. औषध संपत आलं होतं. लोक आणखी मागत होते. तो मोडक्या मराठीत म्हणाला, उरलेलं पलीकडच्या गावाचं आहे. मग त्यानं ओढ्याकडे बघितलं. बायका झिरे उपसत होत्या, थोडं वर कुणीतरी चिरगुटं धूत होतं. तो म्हणाला, "हेच पाणी ते लोक पितात ना? बीमारी गाड्यातून नाय गेली. इथून गेली." ते ऐकून मला राहवेना. डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि चार पुरुषांदेखत म्हणाले, "मी येते. मी तिकडची लेक हाय. मला न्हाई अडवणार."

डॉक्टर, त्याची पेटी, माझा नवरा आणि मी ओढ्यात उतरलो. पलीकडे बोराटीच्या मागं भाऊ उभा होता, हातात काठी. त्याच्या पाठीमागं गावातली जाणती माणसं. मी ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळले ते काका, ते तात्या. सगळ्यांचे चेहरे परक्यासारखे.

"तितंच थांब," भाऊ म्हणाला.

"काहून? मी कोण हाय?"

"तू बहीण हाईस माजी. पर त्या गावातून येऊन राहिलीस."

मी डॉक्टरबद्दल सांगितलं. सुई चांगली आहे, मी घेतली, आमच्या पाटलानं घेतली. मागून एक म्हातारा ओरडला, "आधी रोग धाडायचा अन् मागून दवा व्हय? तुमच्या गावचं न्हाई पायजे काई!" डॉक्टरनं सांगून बघितलं की मी हिंगोलीचा, त्या गावचा नाही. पण तो आमच्या गावातून आला होता, आमच्या घरचं पाणी प्याला होता, आणि त्यांच्या लेखी तेवढं पुरे होतं. गावात कुणाला लागण झाली का विचारलं तर सगळ्यांनी माना वळवल्या. त्यातच उत्तर होतं.

मग मी वादच सोडला. म्हणाले, "मंग माजं लेकरू दे."

याला कुणाला ना म्हणता येईना. भाऊ गेला आणि पोराला कडेवर घेऊन आला. पोरगं मला बघून झेपावायला लागलं. मधे ढीगभर काटे. भावानं त्याला दोन्ही हातांनी उचलून काट्यांवरून पुढं धरलं. डॉक्टरला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मला थांबवलं. पोराला तसंच वरच्या वर धरायला सांगून तिथंच त्याचा दंड पुसला आणि सुई टोचली. पोरगं किंचाळलं. पण भावानं त्याला खाली येऊ दिलं नाही. मग मी त्याला माझ्याकडे घेतलं.

डॉक्टरनं दुसरी सुई भरली आणि भावाकडे बघितलं. "भाई, एक मिनट. हात पुढे कर. बस."

भावाचे हात काट्यांवरून पुढंच होते. नुसती बाही वर सारायची होती. मी त्याचं मनगट धरलं. म्हणाले, "दादा, घे. माजी आण हाय तुला."

त्यानं मागं वळून त्या माणसांकडे बघितलं. माझ्या लहानपणापासून मी त्याला ओळखत होते. त्याला सुई हवी होती. ते मला त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं. पण राखणीवरचा माणूसच आधी फुटला असं गावानं म्हटलेलं त्याला नको होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "गावानं घेतली तर घेईन गं. एकट्यानं कसं घेऊ?" आणि हात ओढून घेतला. काट्यांनी त्याचा दंड ओरबाडला. भरलेली सुई टाकवत नाही म्हणून डॉक्टरनं परत येताना ती आमच्या गावच्या एका बाईला दिली. उरलेलं औषधही मग आमच्याच गावात संपलं. नवीन औषध मागवतो म्हणून तो हिंगोलीला गेला. ते आलंही, पण पुष्कळ उशिरा.

पोराला एक दिवस ताप आला आणि उतरला. त्याला पटकी झाली नाही. ते सुईमुळं की त्याच्या नशिबानं, मी सांगू शकत नाही. मी डॉक्टर नाही.

पलीकडच्या काठावर धूर दिसायला लागले. आम्ही आमच्या काठावरून बघायचो आणि कुणाचा असेल याचा अंदाज बांधायचो. कुणी गेलं की राखणीवरचा माणूस ओरडून सांगायचा, कारण नात्यागोत्याची माणसं दोन्हीकडे होती. एके सकाळी मी पाण्याला गेले तर राखणीवर दुसराच कोणी होता. त्यानं मला ओळखलं आणि ओरडायच्या ऐवजी मान खाली घातली. मी घागर तिथंच टाकली आणि काट्यांपर्यंत धावले. तो मला, "नको गं बाई, नको," एवढंच म्हणत राहिला. मला माझ्या भावाचं तोंड बघू दिलं नाही. मी ओढ्याच्या वाळूत बसून धूर बघितला.

पाऊस पडून ओढ्याला पूर आला, बोराटी वाहून गेली आणि वाट मोकळी झाली. तेव्हा मी पोराला घेऊन माहेरी गेले. लेक आली की आईनं गळ्यात पडून रडायचं, अशी रीत. माझी आई रडली नाही. ती ओट्यावर बसली होती, तिनं नुसतं सरकून मला जागा दिली. मी टेकल्यावर म्हणाली, "तुमी गाडा आमच्याकडं आणला. आमी म्होरं लोटला. तितं बी कुनाची तरी लेक दिली असंल."

मग तिनं नातवाला जवळ ओढलं. "कुटं टोचलं व्हतं रं तुला?" त्याला काय सांगता येणार. मी त्याची बाही वर करून दंड दाखवला. तिथं काहीच नव्हतं. देवीची लस टोचल्यावर राहतो तसा वणही नव्हता. आईला खरं वाटेना. तिनं पोराला उजेडाकडे वळवलं, दंडावर बोट फिरवलं, मग दुसरा दंड बघितला, पुन्हा पहिला.

"काईच दिसत न्हाई गं," ती म्हणाली. "काट्यायेवढं बी न्हाई. येवढंच व्हतं व्हय?"

"येवढंच," मी म्हणाले.

तेव्हा ती रडायला लागली. पोरगं घाबरून माझ्याकडे यायला बघत होतं, पण तिनं त्याचा दंड सोडला नाही.